गावची नोंदवही आणि पेरूतला बिशप

संपादक साहेब, नमस्कार.

अधूनमधून बातमी वाचतो की अमुक तालुक्यातल्या जैवविविधता नोंदवह्या पूर्ण झाल्या, म्हणजे गावात कुठली झाडं, पक्षी, मासे आहेत आणि लोकांना त्यांची काय माहिती आहे ते लिहायच्या वह्या. आमच्या गावची पण झालीय म्हणे. बघायला मागितली तर कपाटातून काढून दिली, बाइंडिंग एकदम झकास, आणि आत काय तर आंबा काजू नारळ सुपारी, चिमणी कावळा, खाडीच्या पानावर नुसतं "विविध मासे". अहो देवगड तालुक्यातलं खाडीकाठचं गाव हे, तिसरे कालवं काढणाऱ्या बायका समोर बसल्यात, त्यांना विचारायला कोणी गेलंच नाही. 2002 चा जैवविविधता कायदा सांगतो लोकांना सोबत घेऊन वही करा, पण हरित लवादाची जानेवारी 2020 ची मुदत आली, वर दंडाची भीती, मग आमच्याकडे तरी ऑफिसात बसूनच काम उरकलं.

आता मध्येच बिशप कुठून आला म्हणाल, पण ऐका. पेरू देश तेव्हा स्पेनच्या ताब्यात होता, तिथे त्रुहियोला मार्तिनेस कोम्पान्योन नावाचा बिशप होता. 1782 ते 85 हा माणूस आपला अख्खा मुलूख फिरला, किनारा, वाळवंट, अँडीजचे घाट, पलीकडचं जंगल, आणि तेही खेचरावरून. जायच्या आधी गावोगावच्या पाद्र्यांना प्रश्नावली पाठवली, तुमच्याकडे काय पिकतं, कुठल्या पाल्याने काय बरं होतं, धंदे कोणते, जुने अवशेष कुठे आहेत. मग स्थानिक लोकांकडून चित्रं काढून घेतली. 1411 चित्रं, नऊ खंड! झाडं, औषधी वनस्पती, पक्षी, मासे तर आहेतच, शिवाय सूत कातणारी बाई, देवीचा रोगी, पत्ते कुटणारी माणसं, नाच, आणि लोकांच्या गाण्यांची नोटेशन्स सुद्धा. ऑनलाइन आहेत, जरूर बघा. शाळा काढायचा पण त्याला भारी नाद, मूळ रहिवाशांच्या मुलामुलींसाठी त्रुहियोत मोठ्या निवासी शाळा काढायच्या होत्या, ते मात्र राहूनच गेलं.

आम्ही वारकरी घरातले, बिशपचं कौतुक केलं म्हणून काही जण नाकं मुरडतील, मुरडू देत. पण तो काही साधुसंत नव्हता, होता राजाचाच माणूस. सगळा खटाटोप माद्रिदला दाखवायला, 1788 मध्ये जुनी मडकी, बिया, काय काय भरून 24 पेट्या तिकडे पाठवल्या, चित्रांचे खंड आजही तिथल्या राजवाड्याच्या लायब्ररीत. आणि चित्रांसोबतचं पुस्तक लिहायचं होतं ते झालंच नाही, त्यामुळे पाला दिसतो पण वाटून लावायचा की उकळून प्यायचा ते कळत नाही. ज्यांनी चित्रं काढली त्यांची नावं पण कोणी लिहून ठेवली नाहीत, हे मला सगळ्यात जास्त खटकतं.

तर माझं म्हणणं एवढंच, आपल्या वह्या ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा. फोडशी, कुर्डू, टाकळा, भारंगी, सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, पावसात उगवणारं दवबिंदू नावाचं किडे खाणारं रोपटं, खाडीतलं एकेक शिंपलं, जे सुटलंय ते म्हाताऱ्या माणसांना विचारून भरा, शाळेच्या पोरांकडून चित्रं काढून घ्या आणि ज्याने माहिती दिली त्याची हरकत नसेल तर त्याचं नाव त्याच पानावर लिहा. पावसाळ्यातल्या भाज्या पावसाळ्यातच दिसतात, तेव्हा हे काम मार्च एंडला काढू नका.

– एक वाचक, ता. देवगड