२ तारखेच्या पहाटे फोन करू नकोस

कँटन, मिशिगन
२७ डिसेंबर २०२३

प्रिय मित्रा,

आधी कामाचं सांगतो. २ जानेवारीला पहाटे साडेतीनपासून सकाळी आठपर्यंत मला फोन करायचा नाही. शुभेच्छा नकोत, मिस्ड कॉल नको, व्हॉट्सॲपवर गुलाबाच्या फुलाचं चित्रसुद्धा नको. आमच्या घड्याळात तेव्हा १ तारखेची संध्याकाळ असेल आणि पासाडेनात मिशिगन विरुद्ध अलाबामा, कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलची सेमीफायनल, रोझ बोल सुरू असेल.

मागच्या वर्षीचं तुला आठवत नसेल, इथं ते कुणी विसरलेलं नाही. ३१ डिसेंबरला आमची टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाशी सेमीफायनल होती, फिएस्टा बोल. जाणकारांनी आम्हाला आधीच पुढच्या फेरीत नेऊन बसवलेलं आणि आम्ही हाफ टाइमला २१–६ नं मागे. आमच्या रोमन विल्सनचा टचडाउन, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेलेला, पंचांनी व्हिडिओ बघून परत घेतला, चेंडू रेषेच्या अलीकडे ठेवला आणि पुढच्याच डावात आमच्या गड्याच्या हातून तो निसटला. तरी चौथ्या क्वार्टरला रडतखडत ४१–३८ पर्यंत आलो. गॅरेजमधली सगळी माणसं खुर्च्या सोडून उभी. तेवढ्यात तुझा फोन. तू रंकाळ्यावर फिरायला निघालेला, उजाडायचं होतं अजून. ‘हॅप्पी न्यू इयर भावा’ एवढं म्हणालास, आणि त्यांच्या एका पोरानं पास झेलून ७६ यार्डांचा टचडाउन ठोकला. ५१–४५ नं हरलो. मी तुला दोष देत नाही. शेजारचे आजोबा देतात. ‘तो इंडियावाला मित्र’ म्हणूनच ते तुला ओळखतात.

तू हसणार हे माहीत आहे. हातात चेंडू धरून पळतात त्याला फुटबॉल कसं म्हणायचं, हे तुझं जुनंच आहे. अरे, खासबागेत बसून बघावं असा खेळ आहे हा. चार संधींत दहा यार्ड पुढं सरकायचं, एवढाच हिशेब. पण त्यासाठी दोन्हीकडून दीडशे-दीडशे किलोचे गडी एकमेकांसमोर वाकून बसतात आणि चेंडू हलला की भिडतात. टीव्हीवर लोक चेंडूकडे बघतात, खरी कुस्ती त्या रांगेत चालते. कोण कुणाच्या खाली शिरला, कुणाचा पाय मागं सरकला, तिथंच निकाल लागतो.

आणि कॉलेजच्या पोरांपायी एवढा जीव का टाकायचा, हे तरी तू विचारू नकोस. कोल्हापूरच्या फुटबॉलला तू पाटाकडील तालमीचा, मी शिवाजी मंडळाचा. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर आपण एकमेकांच्या संघाला ज्या शिव्या घातल्या त्या आठव. आपल्यापैकी कुणी तालमीत कधी एक जोर तरी मारला होता का? इथंही तसंच. मी मिशिगन विद्यापीठाची पायरी चढलो नाही, माझं एमएस दुसरीकडचं. माझ्यासारख्यांना इथं ‘वॉलमार्ट वुल्वरिन’ म्हणून चिडवतात, म्हणजे टीशर्ट वॉलमार्टातून घेतलेला भक्त; वुल्वरिन हे मिशिगनच्या संघाचं नाव. माझा खरंच तिथला आहे. आता पोरगं तिथं पहिल्या वर्षाला आहे, त्यामुळे फीच्या पावत्या दाखवून मी वाद जिंकतो. ॲन आर्बर गावाची वस्ती सव्वा लाखाच्या आसपास आणि स्टेडियमची आसनं १ लाख ७ हजार ६०१. मॅचच्या दिवशी कोल्हापुरात गणपती विसर्जनाला असते तशी गर्दी, फक्त सगळी पिवळ्या-निळ्या कपड्यांतली.

तर या वर्षीची गोष्ट. १३ पैकी १३ जिंकलोय. सेमीफायनलच्या चार संघांत पहिला नंबर आमचा, अलाबामाचा चौथा. त्यांना चौथा देण्यासाठी फ्लोरिडा स्टेटला बाहेर ठेवलं. तेही १३ पैकी १३ जिंकलेले, गुन्हा एवढाच की त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य गडी, जायबंदी झाला. मला विचारशील तर तो सरळ अन्याय आहे. आमच्या वाट्याला सोपा पाहुणा आला असता म्हणून नव्हे. बरं, थोडं म्हणूनही.

गेले तीन आठवडे शेजारच्या आजोबांच्या गॅरेजमध्ये रोज संध्याकाळी सभा भरते. एक छोटा हीटर, एक जुना टीव्ही, आणि ही करून देते ती कांदाभजी. आजोबा गाड्यांच्या कारखान्यातून रिटायर झालेत. डोक्यावर एक टोपी, १९९७ च्या सीझनची. त्या वर्षी मिशिगननं शेवटचा रोझ बोल जिंकला, १ जानेवारी १९९८ ला, वॉशिंग्टन स्टेटवर २१–१६. टोपीची पुढची कड झिजून आतला पुठ्ठा दिसतो. बायकोनं दोनदा नवी आणून दिली, ती खिळ्यावर लटकलीय, लेबलसकट.

आजोबांचं म्हणणं एकच, पळा. पेन स्टेटविरुद्ध आपण शेवटी सलग ३२ डाव नुसते पळालो, पासचं नाव नाही, आणि २४–१५ नं जिंकलो, तेच पुन्हा करा. चेंडू आपला पळणारा गडी ब्लेक कोरम याच्या पोटात द्या आणि बाजूला व्हा. आमचा क्वार्टरबॅक मकार्थी, त्यानं पास फेकायला हात उचलला की आजोबा टोपी डोळ्यांवर ओढतात. फिएस्टा बोलमध्ये त्यानं दोन पास समोरच्यांच्या हातात दिले आणि दोन्हींचे टचडाउन झाले, ते त्यांच्या डोळ्यांपुढून जात नाही.

माझं पोरगं सुट्टीला आलंय. ते मोबाइलवर आकडे काढतं. १३ मॅचमध्ये आपण मिळून १२३ गुण दिले, म्हणजे मॅचला दहासुद्धा नाहीत, असा डिफेन्स कुणाकडे आहे दाखवा. मी म्हटलं, त्यात ईस्ट कॅरोलायना आणि बोलिंग ग्रीन धरलेत. गल्लीतल्या पोरांना हरवून हिंदकेसरी होता येत नाही. बापलेकांत एक दिवस अबोला होता.

ऑफिसात एक टस्कलूसाचा, म्हणजे अलाबामा विद्यापीठाच्या गावचा, आहे. ‘गुड मॉर्निंग’च्या जागी ‘रोल टाइड’ ही त्यांची घोषणा म्हणतो. तो वादच घालत नाही, नुसतं ‘सेबन’ म्हणतो आणि कॉफी घ्यायला जातो. निक सेबन म्हणजे त्यांचा कोच, सात वेळा राष्ट्रीय विजेतेपद, आणि तयारीला महिना मिळालेला. सप्टेंबरात टेक्सासनं यांना घरच्या मैदानावर हरवलं, पुढच्या मॅचला त्यांच्या क्वार्टरबॅकला, मिलरोला, बाकावर बसवलं, तेव्हा आम्ही म्हटलं म्हातारा संपला. नंतर हरले नाहीत. ऑबर्नविरुद्ध चौथा डाउन, म्हणजे शेवटची संधी, आणि ३१ यार्ड बाकी, म्हणजे मेल्यात जमा, तिथून मिलरोनं कोपऱ्यात पास टाकला आणि २७–२४. मग जॉर्जियालाही तेवढ्याच गुणांनी लोळवलं. असल्या संघाची मला भीती वाटते. मरता मरत नाही.

त्याचा दुसरा टोमणा खुणा चोरण्याचा. कोच मैदानाबाहेरून हातवाऱ्यांनी डाव सांगतात. आमच्याकडच्या एका माणसानं पुढच्या प्रतिस्पर्ध्यांच्या मॅचला आधीच लोक पाठवून ते हातवारे टिपून आणवले असा आरोप आहे, आणि तसं करायला बंदी आहे. आमचा कोच हारबॉ, त्याला त्यापायी नियमित सीझनच्या शेवटच्या तीन मॅच मैदानावर येऊ दिलं नाही. गॅरेजमध्ये हा विषय निघाला की सगळे भज्यांकडे बघतात. मला त्याची लाज वाटते, खोटं कशाला बोलू. पण त्या तीन मॅच हारबॉशिवाय जिंकलो हेही खरं. त्यातली मेरीलँडची म्हणजे मिशिगनची हजारावी जीत, तिथवर आजवर दुसरं कुठलंही कॉलेज पोचलेलं नाही.

ओहायो स्टेटच्या मॅचला पोरगं स्टेडियममध्ये होतं. झॅक झिंटर, आमचा रांगेतला सगळ्यात भक्कम गडी, त्याचा पाय मोडला. पोरगं सांगत होतं, लाखभर माणसं आणि एवढी शांतता की मैदानावर डॉक्टरांनी टेप फाडल्याचा आवाज आला. मला ते पटत नाही, पण त्यानं तसंच सांगितलं. झिंटरला गाडीवरून नेलं. पुढच्याच डावात कोरम मधून शिरला आणि २२ यार्ड पळत टचडाउन. नंतर दोन्ही हातांनी सहा आणि पाच बोटं दाखवली. ६५, झिंटरचा नंबर. गॅरेजमध्ये आजोबांनी टोपी काढली होती. डोकं पूर्ण टकलं आहे हे मला बारा वर्षांत पहिल्यांदा कळलं.

पण झिंटर गेला तो गेला. रांगेत अदलाबदल करावी लागली आणि आयोवाविरुद्ध २६–० जिंकलो तरी आमचे गडी म्हणावे तसे सरकले नाहीत. त्यात हारबॉ इथं कोच म्हणून आल्यापासून सात बोल, म्हणजे सीझन संपल्यावरच्या खास मॅच, खेळला, जिंकला एक. त्यातली एक हार याच अलाबामाकडून, २०२० च्या १ जानेवारीला, ३५–१६. आणि रोझ बोल तर तो स्वतः मिशिगनचा क्वार्टरबॅक असतानाही हरलाय, १९८७ साली. म्हणून गॅरेजमध्ये मी रोज एकच वाक्य बोलतो, ‘हरणार आपण.’ परवा आजोबांनी चिडून भज्यांची ताटली माझ्यापासून लांब सरकवली.

आता तुला एकट्याला खरं सांगतो. मला वाटतं आम्ही जिंकू. थोडक्यात, पण जिंकू. मिलरो चेंडू फार वेळ हातात धरतो आणि त्याची रांग त्याला वाचवू शकत नाही, या वर्षी तो सारखा आडवा झालाय. आमच्याकडे केनेथ ग्रँट नावाचा गडी आहे, दीडशे किलोच्या वर वजन. पेन स्टेटच्या मॅचमध्ये त्यांचा चपळ पोरगा मोकळा सुटला होता आणि या डोंगरानं मागून पळत जाऊन त्याला धरला. एवढं वजन एवढं पळताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. त्या क्षणापासून माझ्या मनात हे बसलंय. पण गेल्या दोन्ही वर्षी सेमीफायनलआधी ‘जिंकू’ हे मी तोंडानं बोललो होतो, त्यामुळे आता बोलत नाही. लिहिलेलं चालतं, असं मीच ठरवलंय.

टपालानं हे पोचेस्तोवर फेब्रुवारी उजाडेल, म्हणून पानांचे फोटो काढून आजच पाठवतो. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी ठरलं ते कळव. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुला त्या पहाटे जाग आलीच तर टीव्ही लाव. तिसऱ्या क्वार्टरनंतर तिथं सूर्य मावळतो आणि मागचे डोंगर गुलाबी होतात, तेवढं बघ. मोबाइल मात्र दुसऱ्या खोलीत ठेव. मी फोन केला तर समजून जा. नाही केला तर चार-पाच दिवस थांब आणि मग काकूंच्या गुडघ्याबद्दलच बोलायला फोन कर.

तुझाच,
शिवाजीवाला