‘मन रमवा’ हा उपचार नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

घरातल्या वृद्धांना नैराश्य आलं की ‘वयामुळे होतं’ किंवा ‘मन रमवा, नाम घ्या’ एवढं बोलून सगळे मोकळे होतात. औषधाविना उपचार आहेत, पण गोळीसारखीच त्यांनाही मात्रा असते.

गोव्यातल्या दवाखान्यांत 60 वर्षांपुढच्या, सौम्य लक्षणं असलेल्या 181 जणांवरचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी त्यांच्यातल्या एका गटाला अडचणी टप्प्याटप्प्याने सोडवायला शिकवलं, झोपेच्या सवयी सुधारल्या. वर्षभरात या गटात 4.4 टक्क्यांना नैराश्याचा आजार जडला. नेहमीचीच देखभाल मिळालेल्या दुसऱ्या गटात 14.4 टक्क्यांना.

आधी थायरॉइड, बी-12, ऐकू येणं आणि मोतीबिंदू तपासून घ्या. ऐकू येत नाही म्हणून गप्प बसणारा माणूस उदासच वाटतो.

मग आठवडाभर वहीत दर दोन तासांनी काय केलं आणि मन कसं होतं, ते शून्य ते दहाच्या आकड्यात लिहायचं. ज्या वेळी आकडा जरा वर दिसतो, तिथूनच एक छोटं काम उचलायचं: भाजी निवडणं, कुंड्यांना पाणी, दहा मिनिटांची फेरी. वेळ ठरलेली हवी. ‘बरं वाटलं की करेन’ म्हटलं की ते काम होत नाही. आधी काम, बरं वाटणं मागून येतं.

फसतं ते घाईमुळे. एकाच आठवड्यात हास्यक्लब, योगवर्ग, भजनी मंडळ सुरू होतं, चौथ्या दिवशी सगळं बंद पडतं आणि ‘मला एवढंही जमत नाही’ हे मनात पक्कं बसतं. ‘तुम्ही निवांत बसा’ म्हणत हातातली कामं काढून घेणंही तितकंच घातक, आणि ते तर प्रेमापोटी होतं!

झोपेसाठी उठण्याची वेळ रोज एकच ठेवा, दुपारची डुलकी अर्ध्या तासाच्या आत. रात्री झोप येईना तर अंथरुणात तळमळण्यापेक्षा खुर्चीत बसावं. पडू नये म्हणून वाटेत मंद दिवा हवा.

चालू गोळ्या मात्र परस्पर बंद करू नका. जेवण सुटलं, ‘जगून काय करायचं’ असं बोलणं आलं, तर वही बाजूला ठेवून त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

आपले,
ज्येष्ठांसाठी काम करणारे काही समुपदेशक