गरम पाण्याची कुंडे : बालीत आणि आपल्याकडे

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

नुकतेच बाली बेटाच्या उत्तर भागात अर्ध्या दिवसाच्या सहलीला गेलो होतो. स्थानिक वाटाड्याने आधी आम्हाला ब्रह्मविहार आराम हा बौद्ध विहार दाखवला, त्यातील बोरोबुदुर या जावा बेटावरील प्राचीन बौद्ध स्तूपाच्या छोट्या प्रतिकृतीचा अर्थ समजावून सांगितला आणि मगच बंजार येथील गंधकयुक्त पाण्याच्या कुंडांकडे नेले. दगडी नागांच्या मुखांतून पडणारे ते कोमट, हिरवट-पिवळे पाणी हौदांमध्ये साठते; कपडे बदलण्याची सोय आहे आणि आवार स्वच्छ आहे. (गंधकाचा वास मात्र घरी येईपर्यंत अंगाला होता!)

तिथे मला राहून राहून आपली ठाणे जिल्ह्यातील तानसा नदीकाठची गरम पाण्याची कुंडे आठवली. अकलोली, गणेशपुरी आणि १७३९ च्या वसई विजयानंतर चिमाजी अप्पांनी नवस फेडून बांधलेले वज्रेश्वरीचे मंदिर, हे सारे जवळजवळ असूनही, नाशिकहून जाणारी आमच्यासारखी कुटुंबे दर्शन घेऊन, कुंडात पाय बुडवून परततात, कारण तो इतिहास आणि जमिनीखालून गरम पाणी का येते हे सांगणारे तिथे आम्हाला कोणी भेटलेले नाही. पर्यटन विभागाने स्थानिक तरुणांना प्रशिक्षण देऊन तिथे अर्ध्या दिवसाची मार्गदर्शित सहल सुरू करावी आणि स्त्रियांसाठी कपडे बदलण्याच्या चांगल्या खोल्या आधी बांधाव्यात, ही विनंती.

आपला,
एक वाचक, नाशिक