किलिमांजारो चमू : रविवारी लळिंगला सराव

सर्व सदस्यांना नमस्कार. येत्या रविवारी पहाटे साडेपाचला लळिंग किल्ल्याच्या पायथ्याशी जमायचे आहे. धुळ्याहून गाड्या पाच वाजता निघतील, कोणासाठीही थांबणार नाहीत.

- पाठीवर ८ किलो वजन हवेच. पाण्याच्या बाटल्या भरा, उतरताना ओतता येतात.
- मोहिमेचेच बूट घाला. नवे बूट थेट टांझानियात घातले तर फोड ठरलेले!
- डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) डॉक्टरांना विचारूनच.

किलिमांजारोचे शिखर ५,८९५ मीटर. तिथे प्राणवायू समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. लळिंगला त्याचा सराव होत नाही, पायांचा होतो. म्हणून तिकडे गाइड ‘परत फिरा’ म्हणाला की फिरायचे, वाद नाही. हे मान्य असलेल्यांनीच शनिवारपर्यंत नाव कळवावे. डबा आपापला, कळण्याची भाकरी आणणाऱ्याने दोन जास्त आणाव्यात.