ते ताल देवगिरीचे आहेत, नाव तरी छापा

संपादक महोदय,
स.न.

भारतीय तत्त्वज्ञानातून प्रेरणा घेतलेल्या पाश्चात्त्य संगीतावरचा लेख कालच्या पुरवणीत वाचला. अमेरिकन संगीतकार जॉन केजच्या रसांवर बांधलेल्या पियानोच्या रचना, फिलिप ग्लासच्या 'सत्याग्रह' ऑपेरातली संस्कृत गीता, हे सगळं चांगलं लिहिलंय, त्याबद्दल आभार. पण फ्रेंच संगीतकार मेसियाँपाशी आले आणि एका ओळीत उरकलं, की त्यांनी "प्राचीन भारतीय ताल" वापरले. अहो, कुठले प्राचीन? ते 120 देशी ताल शारंगदेवाच्या संगीतरत्नाकरातले, आणि तो ग्रंथ लिहिला तेराव्या शतकात देवगिरीला, यादवांच्या सिंघण राजाच्या पदरी असताना. देवगिरी म्हणजे आपलं दौलताबाद, वेरूळच्या रस्त्यावरचं!

मी तबला शिकवतो. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षेला बसणारं प्रत्येक पोरगं गायन, वादन, नृत्य मिळून संगीत ही व्याख्या पाठ करतं, ती ह्याच ग्रंथातली. मागच्या हिवाळ्यात क्लासची चौदा पोरं घेऊन किल्ल्यावर गेलो होतो. गाईडने मेंढा तोफ दाखवली, अंधारी ह्या भुयारी वाटेत मशाल पेटवून शत्रूला कसं फसवायचे ते रंगवून सांगितलं, वटवाघळांचा वास सुटलेला, पोरं एकमेकांच्या शर्टाला धरून चाललेली. बाहेर आल्यावर मी गाईडला विचारलं, शारंगदेव कुठं राहत असेल हो? तर म्हणले, तो कोणता राजा? पूर्ण किल्ल्यात त्याच्या नावाची एक पाटी मला दिसली नाही. शेवटी मीच पायरीवर बसून पोरांना सांगितलं, की बाबांनो, आत्मा मनाला हलवतो, मन देहातल्या अग्नीला, अग्नी वायूला, आणि तो वायू नाभीतून वर चढत नाद होतो, हे लिहिणारा माणूस इथं राजाचा हिशेब बघायचा.

आणि तेच ताल 1941 च्या जानेवारीत जर्मनांच्या युद्धकैद्यांच्या छावणीत वाजले, मेसियाँ स्वतः तिथं कैदी होते. त्यांच्या 'क्वार्टेट फॉर द एंड ऑफ टाइम' ह्या चार वाद्यांच्या रचनेच्या पहिल्या भागात पियानोला रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश हे तीन ताल जोडून सतरा ठोक्यांचा साचा दिलाय, त्याच्यावर 29 स्वरमेळ (कॉर्ड) फिरत राहतात, म्हणून त्या भागात दोन्ही एकत्र समेवर येतच नाहीत. मोबाईलवर लावून मी मांडीवर हाताने धरायचा प्रयत्न केला, चौथ्यांदा कुठं साचा सापडला, अंगावर काटा आला.

एवढं सगळं आपल्या जिल्ह्यातून गेलेलं आणि आपल्याच पेपरात गावाचं नाव नाही, हे मला सहन होत नाही. दुरुस्ती छापा, दोन ओळींची चालेल, पण त्यात देवगिरी हा शब्द पाहिजे.

अजून एक. गाण्याच्या कार्यक्रमाच्या बातमीत तुम्ही व्यासपीठावरच्या पाहुण्यांची सगळी नावं छापता, तबल्यावर कोण होतं ते कामून छापत नाही? मागच्या महिन्यात माझ्या विद्यार्थ्याने पहिल्यांदा जाहीर साथ केली, त्याच्या आईने पेपरचे तीन अंक विकत आणले होते.

आपला नियमित वाचक,
छत्रपती संभाजीनगर