वेदीमागच्या हातांचे आभार

धर्मग्रामातल्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या स्थानिक समुदायातल्या, ज्या सेवकांची नावं कुठल्याच फलकावर लागत नाहीत, त्यांचे मनापासून आभार.

मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, बायबलची वाचनं करणाऱ्या वाचकहो, मिस्सेआधी वाचनग्रंथाची खुणेची फीत तुम्ही न चुकता तपासता. रविवारची वाचनं अ, ब, क अशा तीन वर्षांच्या चक्रात फिरतात. नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी वर्ष बदलतं आणि नेमकी तेव्हाच फीत जुन्या वर्षात राहून जाते.

ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, वाटणाऱ्या सेवकांनो, ही सेवा १९७३ पासून प्रापंचिकांनाही, म्हणजे धर्मगुरू नसलेल्यांनाही, करता येऊ लागली. आजाऱ्याकडे जाताना तुम्ही वाटेत कुठे रेंगाळत नाही. गिळायला त्रास होणाऱ्याला ओस्तीचा, म्हणजे त्या पातळ भाकरीचा, अगदी लहान तुकडा देता, चालत असेल तर मागोमाग घोटभर पाणी. गप्पा नंतर.

सर्वांत मोठं ऋण मात्र वेदीची वस्त्रं धुणाऱ्यांचं, आणि त्यांची आठवण सहसा कुणालाच होत नाही! प्युरिफिकेटर, म्हणजे पवित्र द्राक्षारसाचा पेला पुसायची वस्त्रं, थेट मशीनमध्ये जात नाहीत. आधी साध्या पाण्यात भिजवायचे, ते पाणी गटारात न सोडता मातीत ओतायचं, मगच साबण. द्राक्षारसाचा डाग वाळला की हटत नाही, म्हणून हे त्याच दिवशी. सांडलेलं मेण घाईने पुसलं तर धाग्यांत मुरतं. ते गार होऊ द्यायचं, खरवडायचं, उरलेलं टिपकागद ठेवून कोमट इस्त्रीने शोषून घ्यायचं. कॉर्पोरलच्या, म्हणजे वेदीवर पेल्याखाली अंथरायच्या चौकोनी वस्त्राच्या, घड्या आतल्या बाजूला, उलगडल्यावर नऊ चौकोन दिसतील अशा, म्हणजे ओस्तीचे कण बाहेर सांडत नाहीत.

गायकवृंद, वेदीसेवक, झाडलोट करणारे आणि मिस्सेनंतर खुर्च्या रचणारे, तुमचेही आभार.