घण मारणाऱ्या काकूंना

काकू, सा. न. वि. वि.

सुऱ्या करायला लागल्यापासून पोलादाबद्दल मिळेल ते वाचत होतो. ट्रकच्या जुन्या कमानपाट्यात साधारण ०.६ टक्के कार्बन असतो, तो ८३० अंशांच्या आसपास तापवून तेलात विझवायचा, एवढं वहीत लिहिलेलं होतं. पण माझ्याकडे आहे कोळशाची भट्टी. तिच्यात ८३० अंश ओळखायचे कसे, हे दाखवणारं कुणी नव्हतं. बाजारतळाच्या कडेला तुमचं पाल पडलं आणि हातातली गिऱ्हाइकं थांबवून तुम्ही ते मला दाखवलंत. त्यासाठी हे पत्र.

आधी तुम्ही भट्टीवर ताडपत्री ओढलीत. उन्हात लाल रंग फिका दिसतो, माणूस तापवतच राहतो आणि पोलादाचा कण मोठा होतो. असं पातं पुढे ठिसूळच निघतं. मग भाता हळू करून म्हणालात, "आता पात्यातली सावली बघ." खरंच, लाल पात्यातून एक काळसर छटा पाठीकडे सरकत होती. पोलादाची आतली रचना बदलताना ते उष्णता शोषून घेतं, तेव्हाची ती छटा. लोहचुंबक ७७० अंशांना चिकटायचं सोडतं हे मला ठाऊक होतं. पण सावली पूर्ण पुसू द्यायची, रंग आणखी थोडा उजळू द्यायचा आणि मगच बाहेर काढायचं, हे तुमच्याकडून कळलं.

कोयत्याला तुम्ही पाणी देता. मला मात्र बजावलंत, "पातळ पात्याला पाणी सोसत नाही, तेलातच घाल." पाण्यात पातळ धार आणि जाड पाठ यांच्या थंड होण्यात फार अंतर पडतं, त्या ताणाने पातं तडकतं. तेल जरा कोमट असलं तर पातळ होऊन उलट चांगलं काम करतं.

सगळ्यात मोठे उपकार त्यापुढचे. विझवलेल्या पात्यावर कानस नुसती घसरते, म्हणजे ते कडक झालं. पण पडलं तर काचेसारखं फुटेल. तुम्ही कोयत्याची फक्त धार पाण्यात बुडवलीत, विटेच्या तुकड्याने घासून ती चकचकीत केलीत आणि पाठीतली उष्णता धारेकडे येऊ दिलीत. आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि शेवटी निळा रंग धारेपर्यंत आला, तशी कोयता पुन्हा पाण्यात. निळा म्हणजे जवळजवळ ३०० अंश. घाव सोसणाऱ्या हत्याराला तो हवा. भाजीच्या सुरीला २२० च्या आसपासचा फिकट पिवळाच बरा, म्हणजे धार टिकते. हा फरक तुम्ही एका कोयत्यावर दाखवलात. आता माझं प्रत्येक पातं विझवल्यावर लगेच, त्याच दिवशी, या पायरीवरून जातं.

घिसाड्यांच्या पालावर घण बाईच्या हातात असतो हे सगळे बघतात. त्या बाईच्या डोळ्यांत किती विद्या आहे हे फार थोडे विचारतात. दहा-वीस रुपयांसाठी तुमच्याशी घासाघीस करणारे पाहिले की मला मनापासून वाईट वाटतं.

या पत्रासोबत एक सुरी पाठवतोय. कमानपाट्याची आहे, मूठ बाभळीची. आमच्याकडे पुन्हा मुक्काम कधी ते कळवा. गावातले विळे-कोयते गोळा करून ठेवतो, पाल टाकायला माझ्या शेडशेजारची जागा आहे आणि कोळसाही आणून ठेवीन. काकांना नमस्कार.

तुमचा,
सुऱ्या करणारा